टक्के राहू द्या, तलाव भरला का ते छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या गावात सकाळच्या एसटीनं येतो आणि एसटी वेळेवर आली तर नऊच्या आत चौकातल्या टपरीवर त्याची पानं चार हातांत वाटली गेलेली असतात. जिल्ह्याचं पान एकाकडं, क्रिकेट दुसऱ्याकडं, निधन वार्ता म्हाताऱ्यांकडं. हवामानाचा तो लहानसा चौकोन मात्र सगळेच बघतात, आणि बघून सोडून देतात, कारण त्यात आमच्या कामाचं काही नसते. "विदर्भात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस." आता विदर्भ म्हणजे बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्हे, तिकडं कापूस-सोयाबीन इकडं धान, तिकडं काळी जमीन इकडं जंगल आणि तलाव, मग तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठं जी? आणि खाली नागपूरचं कमाल-किमान. नागपूर आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे, तिथल्या पाऱ्याचं आम्ही काय करावं.

बाजूलाच दुसरा चौकोन असतो धरणांचा. गोसीखुर्द इतके टक्के, तोतलाडोह इतके टक्के, इटियाडोह इतके टक्के. तो चांगला आहे, बंद करू नका. पण आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि आजूबाजूच्या सडक अर्जुनी, साकोली, लाखांदूर पट्ट्यात अर्ध्याअधिक लोकांचं पोट ज्या पाण्यावर चालते ते पाणी या चौकोनात नाहीच. ते मामा तलावात आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले, नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, नाहीतर पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात कोणाच्या मामाचा तलाव म्हणून. (आमच्या जावयानं विचारलं होतं.)

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन, असा रिवाज होता असं आमच्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात आणि त्यातूनच कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव त्यातलाच, कोलू पाटलानं बांधला म्हणतात. पण नवेगाव बांध एकच नाही. इथं जंगलाच्या उताराला एकाखाली एक तलाव आहेत, वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खालच्यात, असं करत शेवटी नाल्यात न् नदीत. म्हणून वरच्या गावात पाऊस पडला की खालच्या गावाला दोन दिवसांनी कळते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ती गेली ते बरंच झालं, पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची माती कोणी टाकायची, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कोणी बघायचं हे कोणाचंच राहिलं नाही. आता शंभर हेक्टरच्या वरचं सिंचन असलेला तलाव पाटबंधारेकडं, खालचा झेडपीकडं, मासेमारी सोसायटीकडं, आणि फुटला तर गावाकडं.

तुम्ही म्हणाल मामा तलावांची पण बातमी येते की. येते, उन्हाळ्यात एक ओळ येते, "मामा तलावांनी गाठला तळ". ती मोठ्या तलावांची असते. लहान तलावांचं कोणी मोजतच नाही. आणि मोजून टक्के काढले तरी ते खोटे असतात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण टक्के कशाचे? ज्या साठ्याचे टक्के काढता तो साठा कधीचा मोजलेला, तेव्हापासून त्यात किती गाळ बसला, बेशरमीची झुडपं किती माजली, याचा हिशोब नाही. अर्धा तलाव गाळानं भरलेला असला तर थोड्या पाण्यात शंभर टक्के होतो आणि सप्टेंबरमध्ये तुडूम उघडलं की आठ दिवसांत खडखडाट. आमच्या शेजारचे एक काकाजी आहेत, ऐंशीच्या पुढचे, ते पेपर वाचत नाहीत, ऐकतात. मी मिलिमीटर वाचून दाखवलं की म्हणतात, "पाऊस किती पडला थे राहू दे, तलाव भरला का थे सांग." मला तर वाटते की तुमच्या हवामानाच्या चौकोनाला याच्यापेक्षा चांगला नियम कोणी देणार नाही.

आता का ते थोडं सांगतो, लांबेल, कापायचं असेल तर कापा.

आमच्याकडं वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या मानानं आम्ही श्रीमंतच. पण धान हे काही वर्षाच्या बेरजेवर पिकत नाही. मृगात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे, तर जमिनीत ओल पाहिजे पण पाणी तुंबायला नको. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी, म्हणजे लावणी, तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखल होईल एवढं पाणी पाहिजे. आणि नेमका तेव्हा जुलैत पाऊस दडी मारतो. पऱ्हे म्हातारे होऊन राहिले, बायांची टोळी ठरवून ठेवली, एकरी गुत्ता (ठेका) बोलून ठेवला, ट्रॅक्टरवाल्याला अॅडव्हान्स दिला, आणि आभाळ कोरडं. मग ज्याच्याकडं बोअर आहे तो मोटार लावतो, लाइट असली तर, आणि बाकी सगळे तलावाकडं बघतात. मागच्या वर्षीचं पाणी थोडं शिल्लक असलं किंवा सुरुवातीच्या पावसात तलाव निम्मा भरला असला तर रोवणी होऊन जाते, नाहीतर बाया दुसऱ्या गावाला निघून जातात, भंडाऱ्याकडं, वडसाकडं, कुठं कुठं तर पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहून. त्या पिकअपच्या अपघाताच्या बातम्या तुम्ही छापता. पण त्या बाया एवढ्या लांब का गेल्या हे बातमीत नसते. गावचा तलाव रिकामा होता म्हणून गेल्या.

उलट बाजू पण आहे. आता पाऊस पूर्वीसारखी आठ-आठ दिवसांची झड लावत नाही, एका रात्रीत ओतून मोकळा होतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, तेवढा तर कधी कधी तीन तासांत होतो. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या ठिकाणी, पाऊस पडतो आमच्या टेकडीवर. मापकात चाळीस, आमच्याकडं बांध्या फुटल्या, पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो तुमच्या मंडळात अतिवृष्टीच नाही. त्याची चूक नाही, त्याच्या हातातल्या कागदावर तसंच आहे. पण तलावाची पाळ खोटं बोलत नाही ना, सांडव्यावरून किती हात पाणी गेलं याची खूण झाडावर, दगडावर राहते, ती बघायला कोणी तयार नाही. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला तो सगळ्यांना आठवते, कारण तो भंडारा शहरात शिरला, मध्यप्रदेशातल्या पावसाचं आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचं होतं ते. लहान तलावाची पाळ फुटून दहा-वीस एकरांत वाळू-गोटे पसरतात ते कोणाच्या लक्षात राहत नाही. ती जमीन मग दोन-तीन वर्षं कामातून जाते.

पावसाळ्यात जंगलाचं पण काम असते. श्रावण-भादव्याच्या सुमारास दमट उकाडा होऊन वारुळांवर सात्या, म्हणजे रानअळंबी, निघतात, काटवल येते, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, येतात. सात्यांसाठी लोक पहाटे जंगलात जातात, कारण उशीर झाला की दुसरा घेऊन जातो, आणि भावही चांगला मिळतो, मटणाला टक्कर देतो. आणि हल्ली पहाटे जंगलात जाणं म्हणजे जिवाचं काम. २०१३ ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, वाघ आमच्या जिल्ह्याची शान आहे, मी विरोधात नाही, पण दाट हिरवळीत दहा फुटांवरचं दिसत नाही हेही खरं. वीज पडायचं प्रमाण तर विचारू नका. रोवणीत दहा-पंधरा बाया उघड्या बांधीत पाण्यात उभ्या असतात, आसपास एखादं मोहाचं झाड, पाऊस आला की सगळ्या त्याच्याखाली पळतात आणि तिथंच वीज पडते. दामिनी नावाचं अॅप आहे पुण्याच्या आयआयटीएमचं, वीज पडायच्या आधी सांगते, चांगलं आहे. पण बाईकडं फोन नाही, आहे तर साधा आहे, स्मार्ट आहे तर रेंज नाही. तुमच्या पेपरात आदल्या दिवशीच "उद्या दुपारनंतर या तालुक्यात विजांची शक्यता, झाडाखाली थांबू नका" असं मोठ्या अक्षरात आलं तर निदान टोळीच्या मुकादमाला सांगता येते. आत्ता काय येते? "यलो अलर्ट." पिवळं म्हणजे काय करायचं आणि ऑरेंज म्हणजे काय करायचं नाही, ते कोणी सांगतच नाही, लोकांना वाटते शाळेला सुट्टी की नाही एवढंच.

हे पत्र लिहितोय तेव्हा हस्त नक्षत्र लागलं आहे आणि गावात दोन पार्ट्या पडल्या आहेत. राजकीय नाही, त्या वेगळ्या. ज्यांनी हलकं, म्हणजे लवकर येणारं धान लावलं ते म्हणतात बस झालं आता, पाऊस नको, आठ-दहा दिवसांत कापणीवर येते. ज्यांनी भारी, म्हणजे उशिरा येणारं धान लावलं त्यांचं धान आत्ता गर्भात आहे, त्यांना एक पाणी पाहिजेच, नाहीतर लोंबी पोचट निघते. एकाच आभाळाकडं बघून एक हात जोडतो आणि दुसरा शिव्या घालतो. पाऊस नाही आला तर भारीवाले तुडूम उघडा म्हणतील. आणि तुडूम उघडायचं म्हटलं की मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची मंडळी येतात, त्यांचंही बरोबर असते, त्यांनी बीज सोडलेलं असते, रोहू-कतला अजून लहान असतात, पाणी कमी झालं की मासोळी दाटीनं मरते, बगळे आणि चोर दोघांचंही फावते. शिंगाड्याचे वेल पण त्याच पाण्यावर. पूर्वी या गोष्टी पाळीवर बसून ठरायच्या, कुठपर्यंत पाणी सोडायचं त्याची खूण ठरलेली असायची, निस्तार पत्रकात लिहिलेलं असायचं कोणाचा हक्क काय. आता रात्री कोणीतरी जाऊन तुडूम उघडून येतो आणि सकाळी भांडण. मला सांगा, वरच्या गावचे तलाव किती भरलेत, तिकडं सांडवा वाहून राहिला की बंद झाला, एवढं जरी सगळ्यांना पेपरमधून कळलं तर अर्धी भांडणं होणार नाहीत, कारण पाणी अजून येणार आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो.

तलावाचं बोलतोच आहे तर गाळाचं पण बोलून घेतो. गाळ काढायच्या योजना आल्या, जेसीबी आल्या, चांगलं झालं. पण जेसीबीवाल्याला गाळ आणि तलावाचं पोट यातला फरक कळत नाही, तो सरसकट खोल करून जातो. कमळ, देवधान आणि कितीतरी पाणवनस्पती काठच्या उथळ भागात असतात, तिथं मासे अंडी घालतात, तिथं पाखरं येतात. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारं जंगली धान, आमच्या बाया उपासाला खातात, न नांगरता आलेलं म्हणून. आता शोधावं लागते. गोंदिया जिल्ह्यात काही गावांत ढिवर बायांनीच एकत्र येऊन बेशरम उपटली, गाळपेरात, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या तलावाच्या जमिनीत, नांगरट करून देशी वनस्पती परत लावल्या आणि मासे वाढले, हे काम बघण्यासारखं आहे, तुमच्या रविवारच्या पुरवणीत कधीतरी सविस्तर घ्या. गोंदिया तालुक्याकडचे सारस पक्षी याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर जगतात, त्यांच्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ते ठीकच आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधीत सारसानं घरटं केलं तो धान कापताना तेवढा तुकडा सोडून देतो, त्याचं नाव काही कोर्टाच्या कागदात नाही.

दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकं. झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातलं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, वडसाच्या कंपन्यांच्या तारखा दिवाळीपासून होळीपर्यंत लागलेल्या असतात, आणि हे सगळं उभं आहे धान घरात आलं आहे या भरवशावर. धान कापून कडपा, म्हणजे कापलेल्या धानाचे पसर, शेतात पडलेल्या असतात आणि नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात काहीतरी फिरते, इकडं दोन दिवस रिमझिम. पेपरमध्ये येते "हवेत गारवा, नागरिक सुखावले". कोणते नागरिक हो? कडपा भिजल्या, लोंबीतून कोंब आले, पुंजणे (धानाच्या गंजी) झाकायला ताडपत्री मिळत नाही. मग खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की धान परत. केंद्र उशिरा सुरू होते, गोदाम भरलेलं असते, धानाची पोती रांगेत उघड्यावर, आणि ज्याला लगेच पैसे पाहिजेत तो व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली देऊन मोकळा होतो. पाऊस येणार असं चार दिवस आधी, आणि "कापणी थांबवा" एवढ्या साध्या भाषेत छापलं असतं तर लोकांनी कापलंच नसतं, उभं धान एवढं खराब होत नाही.

थंडीचं एक बरं आहे, विदर्भात सगळ्यात कमी तापमान गोंदियात असं दर हिवाळ्यात कधी ना कधी तुमच्याकडं छापून येतेच, तेव्हा आम्हाला उगाच महत्त्व आल्यासारखं वाटते. जंगल आणि पाणी जवळ असल्यानं गावात आणखी गार लागते, सकाळी तलावावर धुकं असते, शेकोट्या उशिरापर्यंत. गोठणगावजवळच्या आमच्या तिबेटी वसाहतीतले लोक, १९७२ पासून इथं आहेत, नेमके थंडीत गावात नसतात, स्वेटर विकायला शहरात गेलेले असतात. धानाच्या बांधीत तोपर्यंत लाखोळी डाळीचं पीक हिरवं झालेलं असते, त्याच ओलीवर, वेगळं पाणी न देता. आणि तेही डिसेंबरपर्यंत जमिनीत ओल राहिली तर, म्हणजे फिरून परत तलावच.

उन्हाळा थोडक्यात सांगतो. मार्च-एप्रिल मोहफूल, मे महिना तेंदूपत्ता. वनहक्क कायद्यानंतर बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, पैसा थेट येतो. यात गारपीट झाली की पानं फाटतात, अवकाळीनं वाळत घातलेली मोहफुलं काळी पडतात, तेंदूचे पुडे भिजले की फळीवरचा, म्हणजे संकलन केंद्रावरचा मुन्शी घेत नाही. अवकाळीच्या बातमीत आंबा, संत्रा, गहू, हरभरा यांचं नुकसान येते, मोह आणि तेंदूचं येत नाही. कारण तो शेतमाल नाही ना. पण आमच्याकडं पोरीचं कॉलेज आणि खरिपाचं बियाणं त्याच पैशातून होते.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच आहे. टक्के नकोत. हवामानाच्या चौकोनात जिल्हा आवृत्तीपुरती मंडळनिहाय पावसाची आकडेवारी द्या, ती तहसीलमध्ये रोज सकाळी असतेच, कोणाला नव्यानं मोजायची गरज नाही. आणि त्याखाली गावाच्या नावापुढं तलावाचं तीन शब्दांत लिहा, "सांडवा वाहतो", "अर्धा", "तुडुमाच्या खाली". बस. हे सांगायला इंजिनीअर लागत नाही, गुराखी पोरगं पण सांगते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून दोनदा आलं तरी चालेल. क्रिकेटचा एक फोटो लहान केला तर जागा होते, आणि फोटो तसाही आम्ही आदल्या रात्रीच मोबाइलवर पाहिलेला असतो.

आमच्या बाजूच्या गावांचं पहिल्यांदा मी जमवून देतो, दूधवाला रोज फिरतोच आणि पोस्टमनशी बोलणं झालं आहे. दोन-तीन सरपंच पण हो म्हणाले, एकानं मात्र तलाव भरला म्हणून छापलं तर टंचाईचा टँकर मिळणार नाही अशी शंका काढली, त्याला समजावतो. माझा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडला आहे, तो कृपा करून पेपरात छापू नका.

आपला,
एक नियमित वाचक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया